मदत हवी आहे: जुन्या घराच्या विटा आणि सागवान नव्या बांधकामात वापरायचंय

नमस्कार मंडळी,

वाईजवळच्या गावातलं आमचं जुनं घर उतरवतोय, तिथेच छोटं नवीन बांधायचंय. निघालेला माल मातीमोल भावाने द्यायची इच्छा नाही.

विटा चुन्यात बांधलेल्या, त्यामुळे बसुलीने हलकं ठोकलं की चुना सुटतो आणि वीट अख्खी निघते. (मागच्या पडवीतल्या सिमेंटच्या बांधकामातली मात्र धड निघत नाही.) कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, या फक्त कंपाउंडला वापरा. मी काही विटा कोरड्या तोलून 24 तास पाण्यात ठेवल्या आणि पुन्हा तोलल्या. वजनातली वाढ 20 टक्क्यांच्या आत आहे, म्हणजे पाणी शोषण्याच्या निकषात बसतात. मग आतल्या भिंतींना का नकोत? दाबाची चाचणी साताऱ्यात कुठे करून मिळेल?

खरी अडचण तुळयांची आहे. सागवान उत्तम, पण वखारवाला कापायला तयार नाही. आत खिळा राहिला तर पातं जातं म्हणे. शिवाय एका तुळईच्या भिंतीत गाडलेल्या टोकाला टाचणीएवढी भोकं आहेत आणि खाली पिठासारखा भुसा पडतो. तेवढं टोक छाटून बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिड लावलं तर पुरेल का?

कौलं गोठ्यावर जातील, त्यांची चिंता नाही.

जुन्या मालात हात बसलेला गवंडी किंवा सुतार कुणाच्या माहितीत असेल तर कृपया मेसेज करा. पावसाआधी जोतं उरकायचंय.