मदत हवी आहे: लिनक्स पुन्हा टाकताना डीव्हीडी मेनूपर्यंत येते आणि पुढे अडकते

नमस्कार मंडळी,

डेस्कटॉपवर विंडोज १० आणि लिनक्स मिंट अशा दोन सिस्टिम शेजारीशेजारी आहेत. मिंटचं अपग्रेड मध्येच मोडलं. आता ग्रबचा (मशीन चालू करताना कुठली सिस्टिम हवी ते विचारणारा) मेनू येतो, विंडोज नीट चालू होतं, पण मिंट निवडलं की डेस्कटॉपऐवजी काळ्या पडद्यावर नुसतं लॉगिन येतं. तिथे नाव-पासवर्ड दिला की कमांड चालतात, म्हणजे अगदीच मेलेलं नाही. दुरुस्त करत बसण्यापेक्षा मिंट नव्याने टाकावं असं ठरवलं आणि घोडं डीव्हीडी ड्राइव्हपाशी अडलं.

होतं असं: आयएसओ (इन्स्टॉल डिस्कची इमेज फाइल) उतरवली, शा-२५६ (फाइल तंतोतंत उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवून पाहिला, बरोबर आहे. विंडोजमधूनच 'बर्न डिस्क इमेज'ने डिस्क बर्न केली. बूट मेनूत डीव्हीडी निवडली की मिंटचा मेनू येतो, लोगो येतो, ड्राइव्ह जोरजोरात घुरघुरतो आणि मग पडद्यावर 'स्क्वॉशएफएस एरर: अनेबल टू रीड पेज' अशा ओळींची रांग लागते. पुढे काही नाही.

तीच डिस्क विंडोजमध्ये उघडली तर सगळे फोल्डर दिसतात, छोट्या फाइली कॉपीही होतात. 'कॅस्पर' फोल्डरमधली ती दोन-अडीच जीबीची मोठी फाइल मात्र मध्येच अडकते. जुन्या सीड्या छान वाचल्या जातात. चित्रपटाची एक डीव्हीडी लावली, तीही चालली. ड्राइव्ह जोडणारी साटाची केबल आणि मदरबोर्डवरचं पोर्ट बदलून पाहिलं, फरक नाही.

पेनड्राइव्ह वापरा हे उत्तर येणार याची कल्पना आहे. या मशीनचा बायोस (मदरबोर्डवरचा, मशीन सुरू करणारा प्रोग्राम) जुना आहे, त्याच्या बूट यादीत पेनड्राइव्ह कधी दिसतो, कधी नाही. आणि खरं सांगायचं तर मला ड्राइव्हचाच सोक्षमोक्ष लावायचा आहे, कारण जुने फोटो डीव्हीड्यांवर आहेत. दोष डिस्कचा, ड्राइव्हचा की सेटिंगचा, हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद

आयएसओ केवढी आहे? हल्लीच्या बऱ्याच लिनक्स साध्या डीव्हीडीत मावतच नाहीत. उबुंटू २४.०४ ची डेस्कटॉप आयएसओ ४.७ जीबीच्या पुढे जाते, तिला ८.५ जीबीची दुपदरी डिस्क लागते.

धागाकर्ता

मिंटची आहे, तीन जीबीच्या आसपास. आरामात मावली.

प्रतिसाद

सेटिंगचा प्रश्न नाही, तो डोक्यातून काढून टाका. मिंटचा मेनू आला याचा अर्थ बायोसने डिस्क ओळखली, वाचली आणि कारभार डिस्ककडे सोपवला. त्यानंतर बायोस बाजूला होतो आणि लिनक्सचं कर्नल (सिस्टिमचा गाभा) स्वतःच्या ड्रायव्हरने ड्राइव्हशी बोलू लागतं. कर्नलला ड्राइव्ह सापडलाच नसता तर 'अनेबल टू फाइंड अ मीडियम कंटेनिंग अ लाइव्ह फाइल सिस्टिम' असा निरोप आला असता. तुमच्याकडे तो नाही. ड्राइव्ह सापडलाय, फाइलही सापडलीय, पण वाचता वाचता अक्षर लागत नाहीये. मेनू आणि कर्नल मिळून थोडेसे एमबी असतात, त्यामुळे तेवढं निभावतं. खरी कसोटी त्या मोठ्या फाइलपाशी लागते.

तुमचं मोडकं मिंट इथे कामाला येईल. त्या काळ्या पडद्यावर लॉगिन करा, डिस्क घाला, ती मोठी फाइल कॉपी करायला लावा आणि अडकली की 'डीमेसेज' (कर्नलचे निरोप दाखवणारी कमांड) पाहा. 'मीडियम एरर' आणि 'अनरिकव्हर्ड रीड एरर' असं दिसलं तर लेझरला पृष्ठभाग वाचता येत नाही. त्याऐवजी 'हार्ड रीसेटिंग लिंक' असं पुन्हा पुन्हा आलं तर केबल, पोर्ट किंवा वीजपुरवठ्याकडे वळा. विंडोज या दोन्हीला एकच मोघम निरोप देतं, म्हणून तिथे डोकं फोडण्यात अर्थ नाही.

प्रतिसाद

विंडोजच्या रजिस्ट्रीतून (सेटिंगच्या साठ्यातून) 'अप्परफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' या नोंदी उडवा, माझा ड्राइव्ह त्यानेच परत आला होता.

प्रतिसाद

वरच्यांनी सांगितलेला उपाय खरा आहे, पण दुखणं वेगळं. ड्राइव्ह विंडोजमधून गायब झाला किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड १९, ३९ किंवा ४१ दिसला, तर त्या दोन नोंदी पाहायच्या असतात. इथे ड्राइव्ह दिसतोय, आणि अडचण लिनक्समध्येही तशीच आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीशी लिनक्सला काय घेणंदेणं? कृपया उगाच काही उडवू नका.

धागाकर्ता

डीमेसेज पाहिलं. 'मीडियम एरर' आणि 'अनरिकव्हर्ड रीड एरर' हेच आहे, सोबत सेक्टरचे आकडे. लिंक रीसेटचं नावही नाही. तीच डिस्क दुसऱ्या लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये घातली तर मोठी फाइल पूर्ण कॉपी झाली! मग डिस्क चांगली म्हणायची का?

प्रतिसाद

डिस्कवर 'आर' छापलंय की 'आरडब्ल्यू'?

आणि ती चाललेली चित्रपटाची डीव्हीडी विंडोजमध्ये किती जीबीची दिसते तेही सांगा.

धागाकर्ता

आरडब्ल्यू आहे. एकदाच वापरायची डिस्क इन्स्टॉल झाल्यावर टाकूनच द्यावी लागते, म्हणून पुसता येणारी घेतली.

चित्रपट चार जीबीच्या थोडा वर आहे. तुमचं वाचून सात जीबीची एक दुसरी डीव्हीडी लावून पाहिली. ती मध्यावर येऊन थबकते, चित्राचे चौकोन होतात. ओरखडे वगैरे काही नाहीत.

प्रतिसाद

मग सापडलं. कारखान्यात छापलेली एकपदरी डीव्हीडी साधारण ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत फेकते. आरडब्ल्यू आणि छापील दुपदरी डिस्क मात्र १८ ते ३० टक्केच. ड्राइव्ह नवा असताना त्याला याने फरक पडत नाही. लेझर थकला किंवा भिंगावर धूळ बसली की आधी या मंद डिस्का वाचेनाशा होतात, चकचकीत डिस्का बराच काळ चालत राहतात. तुमची चार जीबीवाली एकपदरी आहे, सात जीबीवाली दुपदरी. डिस्क निर्दोष आहे, ड्राइव्ह म्हातारा झालाय.

सीड्या वाचतो म्हणून ड्राइव्ह ठणठणीत, हा अंदाज बहुतेक जण करतात आणि तो फसवा असतो. सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० चा. ड्राइव्हच्या पोटात दोन्हींची सोय वेगवेगळी असते, त्यामुळे एक खंगला तरी दुसरा ठीक राहू शकतो.

तूर्त एवढं करा. साधी डीव्हीडी-आर घ्या, शक्यतो त्या लॅपटॉपवरच बर्न करा, वेग ४ एक्स ठेवा आणि 'व्हेरिफाय डिस्क आफ्टर बर्निंग' वर खूण करा. तुमच्या ड्राइव्हला ती झेपेल असं वाटतं. बूट झाल्यावर मेनूतला 'इंटिग्रिटी चेक' आधी चालवा. त्याला वेळ लागतो, लागू द्या. इन्स्टॉल अर्ध्यात थांबण्यापेक्षा ते परवडलं.

प्रतिसाद

सगळे डिस्कच्या मागे लागलेत, पण ग्रब चालतोय ना? मग डिस्कची गरजच नाही. ग्रबला हार्ड डिस्कवरची आयएसओ थेट उघडता येते. आयएसओ विंडोजच्या डेटा पार्टिशनवर ठेवा, ग्रबच्या '४०-कस्टम' फाइलमध्ये 'लूपबॅक'ची नोंद घाला, कर्नलच्या ओळीत 'आयसो-स्कॅन/फाइलनेम' पुढे आयएसओचा पूर्ण मार्ग द्या आणि 'अपडेट-ग्रब' चालवा. आधी विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर ते पार्टिशन अर्धवट झोपलेल्या अवस्थेत सापडतं. ज्या पार्टिशनवर मिंट टाकणार त्याच्यावर आयएसओ ठेवू नका, ते वापरात असल्याने इन्स्टॉलर त्याला हात लावू शकत नाही.

प्रतिसाद

वरच्या उपायाला +१. एक इशारा: जुनं मिंटचं पार्टिशन विंडोजमधून आधीच डिलीट करू नका. बायोस पद्धतीच्या मशीनवर ग्रबचा पहिला तुकडा डिस्कच्या सुरुवातीला असतो आणि उरलेला सगळा मिंटच्या पार्टिशनमध्ये. ते उडवलंत की पुढच्या वेळी 'ग्रब रेस्क्यू' समोर येईल आणि चांगलं चाललेलं विंडोजही उघडणार नाही. इन्स्टॉलरलाच ते फॉरमॅट करू द्या.

बूट मेनूत डीव्हीडीची दोन नावं दिसतात का, एक साधं (जुनी, लेगसी पद्धत) आणि एक 'यूईएफआय' (बूटची नवी पद्धत) लावलेलं? दिसत असतील तर विंडोज ज्या पद्धतीने टाकलंय तेच निवडा. विंडोजच्या 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये 'बायोस मोड'समोर लेगसी की यूईएफआय ते लिहिलेलं असतं. पद्धत चुकली तर मिंट बसतं, पण ग्रबच्या मेनूत विंडोज उघडत नाही आणि मग नवा धागा काढावा लागतो.

धागाकर्ता

बायोस मोड लेगसी आहे, डीव्हीडीचं नावही एकच दिसतं. लॅपटॉपवर ४ एक्सने डीव्हीडी-आर बर्न केली आणि इंटिग्रिटी चेकमध्ये एकही फाइल खराब निघाली नाही. इन्स्टॉलरमध्ये 'समथिंग एल्स' (पार्टिशन स्वतः निवडायचा पर्याय) घेऊन जुन्याच पार्टिशनवर मिंट टाकलं, होम (माझ्या फाइलींचं पार्टिशन) वेगळं होतं ते फॉरमॅट न करता जोडलं. ग्रबमध्ये विंडोज आलंय. ग्रबमधून आयएसओ उघडायचा प्रकार माहीतच नव्हता, तो पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवलाय.

आता फोटोंचं. त्यातल्या काही डिस्का आरडब्ल्यू आहेत आणि या ड्राइव्हमध्ये अडखळतात. लॅपटॉपचा ड्राइव्हही बऱ्याच वाचतो, पण सगळ्या नाही.

प्रतिसाद

मिंटमध्ये 'जीडीडीरेस्क्यू' पॅकेज टाका, कमांडचं नाव 'डीडीरेस्क्यू'. अडखळणाऱ्या डिस्कवरून वाचेल तेवढं एका इमेज फाइलमध्ये उतरवण्याचं काम ती करते. ब्लॉक साइझ २०४८ द्या, डीव्हीडीचा सेक्टर तेवढाच असतो. सोबत मॅपफाइलचं नाव जरूर द्या. कुठले सेक्टर मिळाले आणि कुठले राहिले याची नोंद त्यात राहते. आधी लॅपटॉपवर चालवा, मग तीच इमेज आणि तीच मॅपफाइल घेऊन ती डिस्क या ड्राइव्हमध्ये घाला. जेवढे सेक्टर राहिलेत तेवढेच तो वाचायला जातो. एका ड्राइव्हला न लागलेले सेक्टर दुसऱ्याला बऱ्याचदा लागतात, अगदी म्हाताऱ्यालासुद्धा. फोटो बाहेर येईपर्यंत त्या आरडब्ल्यू पुसू नका.