साठ माणसांच्या खोलीत फोक बँडला स्पीकर हवेतच कशाला?

चौथी_तार:
पुण्यात हल्ली छोट्या जागांत इंडी-फोक बँड बरेच वाजतात. दोन अकूस्टिक गिटारी, व्हायोलिन, कहोन (बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी), तीन गळे. समोर साठ-सत्तर माणसं, शेवटची रांग आठ मीटरवर. तरी दोन्ही बाजूंना बारा इंची स्पीकर आणि पायाशी चार मॉनिटर (वाजवणाऱ्यांना स्वतःला ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे तोंड केलेले स्पीकर)! माझं मत, सगळं बंद करा. सॅडलखालच्या (तारा टेकतात त्या पट्टीखालच्या) पिएझो पिकअपमधून, म्हणजे कंपनाचा सिग्नल करणाऱ्या पट्टीतून, गिटार लाकडाची वाटतच नाही. वर उघडे माईक दुप्पट केले की शिट्टी (फीडबॅक: स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरून होणारी) येण्याआधी मिळणारा आवाज साधारण ३ डेसिबलने घटतो. अर्धवर्तुळात बसा, गाणारे पुढे, कहोन मागे सतरंजीवर आणि ब्रशने. संगीत नाटकं माईकशिवाय होतच होती की.

गेन_कमी_कर:
नाटकाचा दाखला इथे लागू नाही. ते नट उंच पट्टीत, गळा मोकळा सोडून गायचे. साथीला ऑर्गन आणि तबला. इंडी-फोकचं गाणं खालच्या सुरात, श्वासासकट, माईकला ओठ टेकवून बसवलेलं असतं. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल पडतो. १ मीटरपासून ८ मीटरपर्यंत १८ गेले. कहोनचा ठोका पोचेल, शब्द तिसऱ्या रांगेत संपतील. शब्द गेल्यावर फोकमध्ये ऐकायचं काय?

चौथी_तार:
१८ मोकळ्या मैदानात. खोलीत भिंती आवाज परत देतात, त्यामुळे काही अंतरानंतर तो फारसा पडत नाही.

गेन_कमी_कर:
परत आलेला आवाज नुसता भरीव असतो, व्यंजनं त्यात विरघळतात. टाइल्स, काच आणि उघडं काँक्रीट असलेल्या कॅफेवजा जागेत तर विचारूच नका. शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचासारखी नाटकासाठी वापरात असलेली जागा वेगळी आणि कॉफी मशीनशेजारचा कोपरा वेगळा.

सॅडलखाली:
तुम्ही दोघंही स्पीकरवर भांडताय, घोळ मांडणीत आहे. पिएझोला साधारण १ मेगओहमचं इनपुट लागतं. प्रीअँप (सिग्नल आधीच वाढवणारं सर्किट) नसलेली गिटार थेट मिक्सरच्या लाइनला जोडली की खालचे सूर जातात आणि पत्र्यासारखी किणकिण उरते. मध्ये अ‍ॅक्टिव्ह डीआय (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी) टाका. गिटारच्या फीडबॅकची गुरगुर बहुधा १०० ते २०० हर्ट्झमध्ये येते, कारण गिटारची पोकळी आणि वरची फळी तिथेच घुमते. आधी भोकावर रबरी झाकण, मग फेजचं (सिग्नल उलटा करणारं) बटण, मग इक्वलायझरवर फक्त तेवढाच सूर कमी करणारा अगदी अरुंद कट. अख्खा बास उडवणारे महाभाग पुष्कळ आहेत.

मॉनिटरचंही तेच. कार्डिऑइड माईक समोरून ऐकतो, पाठीमागून जवळपास नाही, म्हणून त्याच्या बरोबर पाठीमागे मॉनिटर ठेवायचा. सुपरकार्डिऑइड पाठीमागून थोडं ऐकतो, तिथे मॉनिटर तिरपा, समोरच्या रेषेपासून साधारण १२५ अंशांवर. माईक बदलतात, मॉनिटर हलवत नाहीत, आणि शिट्टी वाजली की खापर हॉलवर. साउंडचेक रिकाम्या खोलीत होतो हेही धरा. माणसं भरली की वरचे सूर शोषले जातात, म्हणून साउंडचेकला ट्रेबल (वरचे सूर) जरा जास्त वाटला तर लगेच कापू नका.

चौथी_तार:
आणि गच्चीवरच्या मैफलीचं काय? रात्री दहानंतर स्पीकर बंद, म्हणजे शेवटची तीन गाणी बिनमाईकचीच.

गेन_कमी_कर:
तीही नाहीत. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे, पण २०१० च्या दुरुस्तीत वाद्यंही आली. रात्री १० ते सकाळी ६ सूट मुख्यतः बंदिस्त जागेला. गच्चीवर पावणेदहाला आवरा.

सॅडलखाली:
जाता जाता: पावसाळ्यात गिटारी बंद केसमधून आणून थेट एसीखाली ठेवू नका. अर्धा तास खोलीतली हवा लागू द्या, मग सुरात लावा. नाहीतर दर गाण्यानंतर ट्यूनर.

चौथी_तार:
बरं, तिघा गाणाऱ्यांना मिळून दोन माईक, एवढं मान्य. व्हायोलिनला पिकअप दिसला तर मात्र मी बाहेर चहाला.

गेन_कमी_कर:
साठ माणसांत व्हायोलिनला काहीच नको. उलट त्याला गाणाऱ्यांच्या माईकपासून दीड-दोन मीटर लांब बसवा, नाहीतर शब्दांवर तेच चढेल.