‘हंगर’ पाहिल्यानंतर: ही अस्वस्थता नेमकी कशाबद्दल आहे?

पश्चिमघाट:

स्टीव्ह मॅक्वीन यांचा ‘हंगर’ (२००८) हा चित्रपट मी नुकताच पाहिला. १९८१ साली उत्तर आयर्लंडमधील मेझ तुरुंगात बॉबी सँड्स या रिपब्लिकन, म्हणजे ब्रिटिश सत्ता नको आणि एकसंध आयरिश प्रजासत्ताक हवे असे मानणाऱ्या, कैद्याने केलेल्या आमरण उपोषणावर तो बेतलेला आहे. शेवटचा अर्धा तास मला सलग पाहता आला नाही. पाठीवरच्या उघड्या जखमा, अंगाला चादरही सहन होत नाही म्हणून तिच्याखाली उभारलेली चौकट आणि खाटेशेजारी रोज नव्याने येऊन ठेवले जाणारे जेवणाचे ताट, हे सारे मॅक्वीन इतक्या शांतपणे दाखवतात की प्रेक्षकाला कुठे आडोसाच उरत नाही.

परंतु दुसऱ्या दिवसापासून मला एक वेगळाच प्रश्न छळतो आहे. सँड्स तुरुंगात का होता, हे चित्रपट सांगतच नाही. तो आयर्लंडच्या सशस्त्र रिपब्लिकन संघटनेचा, म्हणजे आयआरएचा सदस्य होता आणि शस्त्र बाळगल्याबद्दल त्याला १९७७ मध्ये १४ वर्षांची शिक्षा झाली होती, ही माहिती मला नंतर शोधून वाचावी लागली. त्या संघटनेच्या बॉम्बस्फोटांत मेलेली सामान्य माणसे या चित्रपटात कुठेही नाहीत. ज्याला यातले काहीच ठाऊक नाही, असा प्रेक्षक केवळ मार खाणारे आणि झिजत जाणारे एक शरीर पाहतो आणि साहजिकच त्याच्या बाजूने होतो. मग आपल्याला जे हलवून सोडते ते त्या प्रश्नाचे न्याय्यपण असते, की फक्त त्या जखमा असतात? आणि तसे असेल, तर दिग्दर्शकाने आपली फसवणूक केली असे म्हणावे का? ज्यांनी हा चित्रपट पाहिला आहे, त्यांची मते वाचायला आवडतील.

दीपमाळ:

आपला प्रश्न रास्त आहे, पण चित्रपटाची सुरुवात कोणापासून होते हे आठवून पाहावे. ती सँड्सपासून होत नाही, तर रेमंड लोहन या तुरुंगरक्षकापासून होते. सुजलेली, सोललेली बोटांची पेरे तो बेसिनमधल्या पाण्यात बुडवून ठेवतो, न्याहारी करतो, बाहेर येऊन गाडीखाली बॉम्ब लावलेला नाही ना हे वाकून पाहतो, आणि त्याची बायको खिडकीतून ते पाहत उभी असते. पुढे वृद्धाश्रमात स्मृतिभ्रंश झालेल्या आईसमोर त्याच्या डोक्यात गोळी घातली जाते, आणि मांडीवर कोसळलेल्या मुलाचे आपण काय करावे हे त्या माउलीला कळतही नाही. शेवटच्या पाट्यांमध्ये इतर नऊ उपोषणकर्त्यांच्या मृत्यूबरोबरच सशस्त्र गटांनी मारलेल्या १६ तुरुंग कर्मचाऱ्यांचाही उल्लेख आहे. सँड्स तर चित्रपटाचा सुमारे तिसरा भाग उलटून गेल्यावर पडद्यावर येतो. बॉम्बस्फोटांतले बळी दिसत नाहीत हे मान्य, मात्र हिंसेची दुसरी बाजू दडवली आहे असे मला म्हणता येणार नाही.

आता पार्श्वभूमीविषयी. मूळ वाद वरवर पाहता कपड्यांचा होता. १९७२ मध्ये झालेल्या एका उपोषणानंतर ब्रिटिश सरकारने सशस्त्र गटांच्या कैद्यांना ‘विशेष वर्ग’ दिला होता, त्यामुळे त्यांना स्वतःचे कपडे घालता येत आणि तुरुंगातली कामे करावी लागत नसत. १ मार्च १९७६ पासून नव्या गुन्ह्यांसाठी तो वर्ग रद्द झाला आणि हे सारे सामान्य गुन्हेगार ठरले. यांपैकी बहुतेकांना ज्युरी नसलेल्या खास न्यायालयांनी शिक्षा दिल्या होत्या. म्हणजे खटला चालवताना तुम्ही वेगळे, पण गणवेश घालताना मात्र इतरांसारखेच, असा तो प्रकार होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पहिल्या कैद्याने गणवेश नाकारून नुसते ब्लँकेट पांघरले. पुढे निषेध म्हणून कैद्यांनी अंघोळ बंद केली, मग कोठडीच्या भिंती विष्ठेने माखल्या. ऑक्टोबर १९८० मध्ये सात जणांनी उपोषण केले, ते ५३ दिवसांनी मागे घेतले गेले, आणि आपल्या हाती काहीच आले नाही अशी कैद्यांची भावना झाली. सँड्सने दुसरे उपोषण सुरू केले तो दिवस होता १ मार्च १९८१, म्हणजे विशेष वर्ग रद्द झाल्याला त्या दिवशी बरोबर पाच वर्षे झाली होती. मागण्याही पाचच होत्या: गणवेश नको, तुरुंगातले काम नको, एकमेकांत मिसळण्याची मुभा, आठवड्याला एक भेट, एक पत्र व एक पार्सल, आणि आंदोलनामुळे गमावलेली शिक्षेतील सूट परत.

उपोषण चालू असतानाच, ९ एप्रिल रोजी, सँड्स ३०,४९३ मते घेऊन ब्रिटिश संसदेवर निवडून आला. मॅक्वीन यांनी ही निवडणूक जवळजवळ वगळली आहे, आणि माझा खरा आक्षेप इथे आहे. ती दाखवली असती तर तुरुंगाच्या भिंतीबाहेर या माणसामागे किती लोक होते हे प्रेक्षकाला कळले असते, आणि सरकारची अडचणही कळली असती. ५ मे रोजी, ६६व्या दिवशी, वयाच्या २७व्या वर्षी जो मेला तो कैदीही होता आणि खासदारही.

अनुस्वार:

मला हा चित्रपट अजिबात रुचला नाही, आणि कारण अगदी साधे आहे. मॅक्वीन मुळात कलादालनांतले कलावंत, आणि ते इथे लपत नाही. भिंतीवर विष्ठेने काढलेले वर्तुळ धुवायला आलेला कर्मचारी क्षणभर थबकून त्याकडे चित्र पाहावे तसा पाहतो, त्याच क्षणी माझा या चित्रपटावरचा विश्वास उडाला. लघवीने भरलेल्या व्हरांड्यात एक माणूस पलीकडच्या टोकापासून कॅमेऱ्यापर्यंत फरशी पुसत येतो, हे दृश्य मिनिटांमागून मिनिटे चालते आणि समीक्षक त्याची वाखाणणी करतात. यातना इतक्या देखण्या करून दाखवल्या की त्या कोणाच्या होत्या याचा विसर पडतो.

शेवगा:

मी व्यवसायाने डॉक्टर आहे, म्हणून फक्त शरीराविषयी लिहिते.

चित्रपटातील शेवटचा भाग अतिरंजित नाही. हे कैदी पाणी आणि मीठ घेत असत, म्हणूनच ते इतके दिवस टिकले. शरीर पहिल्या एक-दोन दिवसांत यकृतातील साखरेचा साठा संपवते, नंतर चरबीवर जगते, पण त्याच वेळी स्नायूही झिजत राहतात, आणि हृदय हाही स्नायूच आहे. साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने डोळ्यांच्या हालचालींवरचा ताबा जातो, एकाच्या दोन वस्तू दिसतात, चक्कर येते आणि घोटभर पाणीही उलटून पडू लागते. पुढे दृष्टी आणि श्रवण मंद होतात. १९८१ मध्ये मेलेल्या दहा जणांपैकी सर्वांत कमी टिकलेला ४६ दिवस जगला आणि सर्वांत जास्त टिकलेला ७३ दिवस. सँड्सच्या आईवडिलांसमोर डॉक्टर कोरड्या आवाजात कोणता अवयव केव्हा निकामी होईल हे सांगतो, तो प्रसंग मला सर्वांत खरा वाटला. आम्ही घाबरलेलो असतो तेव्हा असेच बोलतो.

या चित्रपटात सक्तीने अन्न देण्याचा प्रसंग कुठेही नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. नळी घालून अन्न देण्याचा मार्ग ब्रिटनने मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांवर १९०९ पासून वापरला होता. १९७३-७४ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात उपोषण करणाऱ्या, आयआरएच्या सदस्य असलेल्या प्राइस भगिनींनाही महिनोन्‌महिने असेच भरवले गेले. त्यानंतर १९७४ मध्ये ब्रिटिश सरकारने हे धोरण सोडले, आणि १९७५ च्या टोकियो जाहीरनाम्यात जागतिक वैद्यकीय संघटनेने स्पष्ट केले की, शुद्धीवर असलेल्या आणि परिणाम समजणाऱ्या कैद्याला डॉक्टरने बळजबरीने अन्न देऊ नये. त्यामुळे १९८१ मध्ये डॉक्टरांना फक्त पाहत राहायचे होते. आपण ‘आडोसा उरत नाही’ असे लिहिले आहे. तो डॉक्टरलाही उरत नाही, आणि त्याच्याकडे तर सलाईनची बाटली हाताशी असते. माझ्या मते अस्वस्थतेचा मोठा भाग इथून येतो: एका माणसाचा निर्णय मानायचा म्हणजे त्याला मरताना पाहायचे. त्याचे राजकारण बरोबर होते की चूक, याने हा पेच सुटत नाही.

दक्षिणायन:

जखमांविषयी एवढे लिहिले गेले, पण चित्रपटाच्या मधोमध जे आहे त्याचा उल्लेख अजून कोणीच केला नाही. सँड्स आणि फादर मोरान टेबलाशी समोरासमोर बसतात आणि कॅमेरा जागचा न हलता सुमारे १७ मिनिटे त्यांच्याकडे पाहत राहतो. मायकेल फासबेंडर आणि लियम कनिंगहॅम यांनी हा प्रसंग अखंड साकारला आहे. सुरुवातीला घरगुती थट्टामस्करी, सिगारेटी, मग हळूहळू वार. फादर त्याला विचारतो की, तुझ्या लहान मुलाचे काय? तू मरायलाच निघाला आहेस, मग याला आत्महत्या का म्हणू नये? सँड्सच्या लेखी तो सरकारने केलेला खून असतो. प्रश्नकर्त्यांना जे सारे राजकीय प्रश्न गाळलेले वाटले, ते इथे आहेत, आणि ते ब्रिटिश अधिकाऱ्याने नव्हे, तर त्याच्याच समाजातल्या धर्मगुरूने विचारले आहेत. सँड्सचे उत्तर मला पटले नाही. दिग्दर्शकाला ते पटावे असे वाटते, असेही दिसले नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याशी संबंधित आहे. लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग, बटुकेश्वर दत्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२९ मध्ये उपोषण केले तेव्हा मागणी हीच होती: राजकीय कैद्यांना नीट अन्न, कपडे, वाचायला वर्तमानपत्रे मिळावीत, आम्हांला सामान्य गुन्हेगार समजू नये. जतीन दास ६३ दिवसांनी, १३ सप्टेंबर १९२९ रोजी गेले. नळीने अन्न घालण्याच्या प्रयत्नात त्यांच्या फुप्फुसाला इजा झाली होती. ब्रिक्स्टनमध्ये १९२० साली ७४ दिवसांच्या उपोषणानंतर मृत्यू पावलेले कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी यांच्या कुटुंबाने तेव्हा आयर्लंडहून शोकसंदेशाची तार पाठवली होती. दासांच्या मृत्यूच्या आदल्याच दिवशी मध्यवर्ती कायदेमंडळात जीनांनी आरोपींच्या गैरहजेरीत खटला चालवू देणाऱ्या विधेयकावर कडाडून टीका केली होती. उपोषण करणाऱ्यापाशी आत्मा असतो, हे कोणालाही जमणारे काम नव्हे, असा त्यांचा रोख होता. पुढच्याच वर्षी कैद्यांची अ, ब, क अशी वर्गवारी आली. आणि १९८१ मध्ये सँड्स गेला तेव्हा आपल्या राज्यसभेत विरोधी सदस्यांनी मिनिटभर उभे राहून आदरांजली वाहिली, सत्ताधारी काँग्रेसचे सदस्य त्यात सामील झाले नाहीत.

पश्चिमघाट:

सर्वांचे आभार. लोहनविषयीचा मुद्दा मान्य करतो. दक्षिणायन यांच्या तुलनेबद्दल मात्र मी साशंक आहे. जतीन दासांविषयी आपल्या मनात आधीपासून आदर असतो, तो उसना घेऊन सँड्सच्या खात्यावर जमा करणे मला योग्य वाटत नाही. एक शंका उरते: उरलेले नऊ जण चित्रपटात जवळजवळ नाहीतच. त्यांचे पुढे काय झाले?

दीपमाळ:

हे उपोषण मुद्दाम टप्प्याटप्प्याने आखले होते. एकामागून एक कैदी त्यात उतरत गेला, म्हणजे मृत्यूही एकामागून एक यावेत आणि सरकारवरील दडपण टिकून राहावे. सँड्सनंतर ते पाच महिने चालले. जुलैमध्ये सरकारकडून तडजोडीचा प्रस्ताव आला होता आणि आयआरएच्या तुरुंगाबाहेरील नेतृत्वाने तो फेटाळला, असे त्या वेळी तुरुंगात कैद्यांची प्रसिद्धीची बाजू सांभाळणाऱ्या रिचर्ड ओ’रॉ यांनी २००५ मध्ये जाहीरपणे लिहिले. नेतृत्वाने ते साफ नाकारले. हा वाद अजूनही मिटलेला नाही.

उपोषण अखेर मोडले ते आयांनी. जुलैच्या अखेरीस एका आईने मुलगा बेशुद्ध होताच उपचारांना संमती दिली. तोवर डेनिस फॉल हे धर्मगुरू घरोघरच्या नातलगांना हेच समजावत होते, आणि चित्रपटातील काल्पनिक फादर मोरानमध्ये त्यांची छाया दिसते. मग एकेक कुटुंब तसे करू लागले. मुलाने शुद्धीवर असताना ‘हात लावू नका’ असे बजावलेले, आणि तो बेशुद्ध झाल्यावर सही करायची ती आईने. शेवगा यांनी मांडलेला पेच इथे घरात शिरतो. ३ ऑक्टोबरला उपोषण संपले आणि तीनच दिवसांनी नवे मंत्री जेम्स प्रायर यांनी सर्व कैद्यांना स्वतःचे कपडे घालण्याची परवानगी दिली. मॅक्वीन यांनी सँड्सच्या मृत्यूपाशी थांबून चित्रपट बांधेसूद केला, पण मला विचाराल तर त्या सह्यांवर चित्रपट व्हायला हवा होता.