रविवारचे चार तास: ठाणे-ऐरोली पट्ट्यात मुलाला कुठे न्यावं?

कळवेकर८४
नमस्कार मंडळी. ठाणे फॅमिली कोर्टाच्या अंतरिम आदेशाप्रमाणे मला मुलगा (वय ६) दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी ११ ते ३ भेटतो. त्याची आई ऐरोलीला माहेरी असते. ऐरोली स्टेशनवर घ्यायचा, तिथेच सोडायचा. आतापर्यंत मॉलमध्ये नेतोय. तो गेम झोनमध्ये आणि मी कार्ड रिचार्जच्या लायनीत. पोटगी आणि घरभाडं गेल्यावर उरतं त्यात एका भेटीला ५०० रुपये, दोघांचं खाणं धरून. गाडी नाही. उन्हात त्याचा घोळणा फुटतो. जागा सुचवा. कोर्टाचा सल्ला नको, वकील आहेत.

घोडबंदरचा_राजा
इमॅजिकाला न्या! आम्ही नेलं होतं, पोरगी अजून नाव काढते. पैशाकडे बघू नका, आठवणी महत्त्वाच्या.

कळवेकर८४
दादा, खोपोलीला जाऊन यायलाच चार तास जातील.

नेरूळची_मावशी
वंडर्स पार्क. टॉय ट्रेन आहे, पोरं खूश. घरून डबा न्या, बाहेरचं कशाला?

पोटगीग्रस्त
पार्क-बिर्क सोडा. दोन महिने पोटगी थांबवा, पोराला घरी आणून सोडतील. माझी ती माझ्यापेक्षा जास्त कमावते, तरी दर महिन्याला मीच भरतो.

आदेश_वाचा
वरचं अजिबात करू नका. पोटगी आणि भेट हे दोन वेगळे विषय आहेत. भेट मिळत नाही म्हणून पोटगी अडवता येत नाही, आणि पोटगी थकली म्हणून तिला भेट अडवता येत नाही. थकबाकी चढत जाते, वसुलीचं वॉरंट निघतं, तरी भरली नाही तर कैदही होऊ शकते. राहिलं कमाईचं. आई कमावती असली तरी बापाची जबाबदारी सुटत नाही, फक्त वाटा ठरवताना दोघांचं उत्पन्न बघतात. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं सांगितलंय. तुमच्या केसमध्ये तिचं मागवलं होतं का?

पोटगीग्रस्त
आमचा वकील तारखेलाच येत नाही, प्रतिज्ञापत्र कुठून मागवणार?

खारघर_निवांत
सेंट्रल पार्क. प्रशस्त, फुकट. मी रोज पाच किलोमीटर चालतो, शुगर आटोक्यात.

नेरूळची_मावशी
अहो, मुलाला ऊन सोसत नाही म्हणालेत ते. तिथे भर दुपारी सावली शोधत फिरायचं का?

दोन_पोरांची_आई
मी पलीकडच्या बाजूची, म्हणून सांगते. माझ्याकडे तीनची वेळ असताना बाबा सव्वाचारला आणतात, फोन लागत नाही, आणि पोराच्या पोटात नुसते फ्राईज. पाणी, एक शर्ट आणि रुमाल पिशवीत ठेवा. उशीर होणार असेल तर अडीचलाच मेसेज टाका. आणि "आई कोणाशी बोलते, मामा काय म्हणतो" हे मुलाला विचारू नका. रात्री झोपताना तो सगळं सांगतो, आणि पुढची भेट तिथेच बिघडते.

कळवेकर८४
ताई, उशीर मी करत नाही. पण मागे दोनदा त्याला ताप होता म्हणून भेट बुडाली, ती पुन्हा मिळाली नाही. पाचव्या रविवारचंही आदेशात काही नाही.

आदेश_वाचा
कोर्टाचा सल्ला नको म्हणालात, तरी एवढं वकिलांच्या कानावर घाला. बुडालेली भेट पुढच्या रविवारी, पाचवा रविवार कोणाचा, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी, मधल्या दिवसांत व्हिडिओ कॉल. हे दोघांच्या संमतीने लिहून कोर्टात दाखल करता येतं. भांडून अर्ज केला तर तारखाच मोजत बसाल. कोर्टातल्या समुपदेशकांकडे आधी विषय काढा.

खोपटकर
पोटगी रोख देऊ नका. मी तिच्या भावाच्या हातात वर्षभर रोख दिली, कोर्टात एक रुपया धरला नाही. सायकल घेऊन दिली, तीही भेटवस्तू म्हणे. बँकेतून पाठवायची आणि कोणत्या महिन्याची ते लिहायचं.

वाशीचा_बंड्या
वंडर्स पार्क बघितलंत का? टॉय ट्रेन आहे.

नेरूळची_मावशी
तेच मी वर लिहिलंय.

घोडबंदरचा_राजा
तलावपाळीला बोटिंग. पार्किंग मिळालं तर.

कळवेकर८४
सगळ्यांचे आभार. काल ऐरोलीहून पनवेलची लोकल पकडली. त्याचं अर्धं तिकीट. दारातून खेचून आणून खिडकीशी बसवला. तुर्भ्याला एक ट्रेन वाशीकडे का वळते आणि आपली का नाही, यावर अर्धा तास भांडला. पनवेलला इडली खाल्ली, लांब पल्ल्याच्या गाड्यांचे डबे मोजले, परत. दोनशेच्या आत झालं आणि ऊन लागलं नाही. पुढच्या वेळीही हेच. ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून गाडी उलटी कशी निघते ते त्याला बघायचंय. टॉय ट्रेनचं विचारलं तर म्हणाला, ती खोटी असते. संमतीच्या कागदाचं वकिलांना सांगितलंय, तिलाही मेसेज केलाय. "बघते" म्हणाली.

नेरूळची_मावशी
आमच्या नातवाला तर फार आवडते हो.

खारघर_निवांत
रविवारी मेगाब्लॉक असतो, आधी बघून निघा. सेंट्रल पार्कला ब्लॉक नसतो.

पोटगीग्रस्त
आदेश_वाचा, तुम्ही वकील आहात का? फी किती घेता?