तीर्थनचा ट्राउट, दारणेची मरळ आणि गळाचा उलटा काटा

दारणाकाठ

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही नाशिकचे चौघे ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी हिमाचलात तीर्थन नदीवर गेलो होतो. परवाने रीतसर काढले होते, तरीही दुसऱ्याच दिवशी आमच्यात जो वाद पेटला तो परतीच्या गाडीत मनमाड येईपर्यंत मिटला नाही, म्हणून तो इथे मांडतो. आमच्यातला एकजण तीन तोंडांच्या गळाचा स्पिनर, म्हणजे पाण्यात फिरणारे चकाकते पाते लावलेले आमिष, फेकत होता. त्याला लागलेल्या वीतभर ट्राउटच्या ओठात गळाचे एक टोक होते आणि दुसरे थेट कल्ल्यात रुतले होते. पक्कड शोधून गळ सोडवेपर्यंत मासा पाण्याबाहेरच राहिला आणि लहान म्हणून नियमाप्रमाणे परत सोडला, तेव्हा कल्ल्यातून रक्ताची रेघ ओढत आडवा वाहत गेला. कागदावर सगळे चोख होते.

माझे म्हणणे असे की, वाहत्या नदीतला ट्राउट फक्त फ्लायनेच, म्हणजे पिसे आणि दोरा गुंडाळून केलेल्या कृत्रिम माशीनेच पकडावा, गळ एकतोंडी असावा, त्याचा उलटा काटा, म्हणजे मासा निसटू नये म्हणून टोकाजवळ असणारे उलटे टोक, पकडीने दाबून सपाट केलेला असावा आणि मासा ओल्या हातांनी, शक्यतो पाण्यातच ठेवून सोडावा. कोरडा हात लागला की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि माशाला रोगापासून वाचवणारे कवच तेच असते. हीच सवय आपण दारणा आणि कडवा या नद्यांवरही लावून घ्यावी.

भोईवाडा

आपण पाहिलेल्या माशाबद्दल वाईट वाटले, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष पटत नाही. आमच्या आजोबांनी दारणेत आयुष्यभर फेकजाळे टाकले आणि खायचा नसलेला मासा मुद्दाम पकडल्याचे मला आठवत नाही. कालवणापुरता मासा नेणारा हावरट आणि एकाच सकाळी दहा मासे दमवून, त्यांचे फोटो काढून परत सोडणारा मात्र खिलाडू, हे गणित मला उलटे वाटते. स्वित्झर्लंडमध्ये तर २००९ पासून केवळ सोडून देण्याच्या हेतूने मासा गळाला लावणे प्राण्यांच्या छळाच्या कायद्यात बसते. खाण्यायोग्य लांबीचे एकदोन मासे मिळाले की गळ गुंडाळून घरी जावे, हा साधा नियम तुमच्या पिसांच्या माशीपेक्षा अधिक मासे वाचवील. आणि दारणेचा उपदेश करण्यापूर्वी एक विचारतो: धरणाच्या पाण्याचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे असतो, तिला विचारून गळ टाकणारे हौशी लोक तुमच्या ओळखीत किती आहेत?

दारणाकाठ

शेवटचा टोला रास्त आहे. पहिली दोन वर्षे मीही विचारले नव्हते.

फ्लायचा आग्रह मात्र शोभेसाठी नाही. गांडूळ खरे अन्न असल्यामुळे मासा ते गिळतो आणि गळ घशात किंवा त्याही खाली उतरतो. माशीत चव नसते. ट्राउट ती तोंडात घेतो आणि फसगत कळताच थुंकू पाहतो, त्यामुळे गळ बहुधा ओठाच्या कडेलाच लागतो. फेकण्याची रीतही निराळी आहे. माशीला वजन नसल्याने जाड दोरीच्या वजनावर ती पुढे न्यावी लागते आणि दोरी प्रवाहात जरा जरी ओढली गेली तरी माशी पाण्यावर रेघ मारते व ट्राउट पाठ फिरवतो. दहापैकी नऊ वेळा मासा जिंकतो, म्हणून मी त्याला खेळ म्हणतो.

ब्रह्मगिरी

दोघेही एक गोष्ट गृहीत धरून चालला आहात की ट्राउट वाचवण्याची गोष्ट आहे. तपकिरी ट्राउट हा युरोपातला मासा; १९०० च्या सुमारास ब्रिटनहून आणलेल्या अंड्यांपासून तो काश्मीरमध्ये वाढवला गेला आणि पुढच्या दशकात कुलूत पोहोचला. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवांची जी यादी जागतिक पातळीवर प्रसिद्ध आहे, तिच्यात तपकिरी आणि इंद्रधनुषी हे दोन्ही ट्राउट आहेत. आपल्या धरणांत चिलापी हा परका मासा वाढला म्हणून आपण कपाळाला हात लावतो आणि हिमालयात मात्र त्याच जातकुळीच्या पाहुण्याला ओल्या हातांनी परत सोडतो! सोडायचा असेल तर आपला महसीर सोडावा. नियमात बसणारा ट्राउट खुशाल तव्यावर घ्यावा.

सिन्नरचा पशुवैद्य

वेदनेचा मुद्दा कोणीच नीट घेतला नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात इंद्रधनुषी ट्राउटच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती इजा ओळखणाऱ्या चेतापेशी आढळल्या; ओठांत दाहक द्रव्य टोचल्यावर त्या माशांनी खाणे थांबवले आणि काहींनी ओठ तळाच्या खडीवर घासले. तेव्हा ओठाला लागलेला गळ म्हणजे काहीच नाही, असे दारणाकाठ यांनी मानू नये.

दुसरे असे की तीर्थनची रीत दारणेवर जशीच्या तशी चालणार नाही. समुद्रसपाटीच्या हिशेबाने १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात तो साडेसातच्या आसपास येतो. मे महिन्याच्या दुपारी दमवून सोडलेला रोहू किंवा महसीर पोहत गेलेला दिसला तरी वाचला असे समजू नये. मरळ पृष्ठभागावर येऊन हवा घेते, म्हणून ती तग धरते. पण तिची गोष्ट वेगळ्याच ठिकाणी अडते. पावसाळ्यात नारिंगी-लाल पिल्लांचा पुंजका पाण्यावर उकळल्यासारखा दिसतो आणि त्याखाली आईबाप राखणीला असतात. आपले बरेच गळवाले नेमका त्या पुंजक्यावर रबरी बेडूक टाकतात, कारण राखणदार भुकेने नव्हे, रागाने झडप घालतो आणि हमखास लागतो. एकतोंडी गळ, दाबलेला काटा, ओले हात, सगळे पाळूनही दहा मिनिटांत मरळ परत सोडेपर्यंत पिल्ले दुसऱ्या माशांनी फस्त केलेली असतात.

दारणाकाठ

हे मी स्वतः केलेले आहे, मुकणे धरणाच्या काठी, आणि मासा सोडला म्हणून वर अभिमानही बाळगला होता. हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण थंडीत तो खडीत अंडी घालतो आणि ती तिथेच उबतात; त्या काळात कुठलाही गळ चालत नाही. आपल्याकडे मी साधनावर भर दिला आणि हंगाम विसरलो, हे मान्य करतो. ट्राउटच्या परकेपणाबद्दल ब्रह्मगिरी यांना माझ्याकडे उत्तर नाही. फ्लायबद्दलचे मत मात्र बदललेले नाही.

भोईवाडा

लाल पिल्ले दिसली की आजोबा होडी वळवून घेत आणि त्या कोपऱ्यात पंधरवडाभर जाळे टाकत नसत. त्यांना हा नियम कुठल्या परवान्यावर छापून मिळाला नव्हता. सोडून देण्यासाठी पकडणे मला अजूनही पटत नाही आणि फ्लायने माझे मन वळणार नाही. पण जुलैत पुंजक्यावर बेडूक टाकू नये एवढ्यावर आपण दोघे एकमत असू, तर संस्थेच्या पुढच्या बैठकीला या. हौशी लोकांना गळ कधी टाकू द्यावा, हा विषय तिथे मी मांडणारच आहे.