नैवेद्याच्या ताटात खरंच पोषण असतं का?

सातारची_सून:
गणपती जवळ आले की घरच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड फिरायला लागतो, मोदक म्हणजे सुपरफूड, पूर्वजांनी सगळं विज्ञान बघूनच ठरवलंय वगैरे. सासूबाईंना शुगर आहे आणि त्या हे वाचून "प्रसादाने काही होत नाही, शिवाय गूळच तर आहे" म्हणत चार-चार मोदक खातात, वर तुपाची धार. मला देवाधर्मावरून वाद नकोय फक्त यात खरं किती ते सांगा.

डबेवाली:
ताई, गूळ म्हणजे पण साखरच हो. थोडंफार लोह असतं त्यात, पण लोहासाठी म्हणून गूळ खायचा तर आधी शुगर कुठल्या कुठे जाईल. पारी तांदळाच्या पिठीची, सारण गूळ-खोबऱ्याचं, म्हणजे गोड पदार्थच की तो. उकडीचा तळणीच्या मोदकापेक्षा बरा कारण तेल नाही, बास. सत्यनारायणाच्या शिऱ्याचं पण तेच, रवा साखर तूप सगळं सव्वा-सव्वा, प्रत्येकी 100 ग्रॅम धरलं तरी तुपाच्याच 900 च्या आसपास कॅलरी, साखरेच्या 400, रव्याच्या साडेतीनशे, दूध-केळं वेगळंच. पूर्वी तळहातावर चमचाभर मिळायचा, आता वाट्या भरभरून.

माजघर:
सगळं बरोबर पण नैवेद्य म्हणजे नुसता मोदक कधीपासून झाला?? पूर्ण पान आठवा की. वरणभात लिंबू, डावीकडे चटणी कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि अळूचं फदफदं, त्यात हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, चिंच. डाळ-भात एकत्र आले की प्रथिनं एकमेकांची उणीव भरून काढतात, पालेभाजी आहे, दही आहे, आणि गोड एका कोपऱ्यात. आपण बाकीचं पान गुंडाळून ठेवलं आणि फक्त तो कोपरा मोठा केला.
आणि दुसऱ्या दिवशीची ऋषीची भाजी! बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून परसातलं जे असेल ते, माठ अळू सुरण भोपळा पडवळ मक्याची कणसं, तेल जवळजवळ नाहीच. माझ्या मते आख्ख्या गणपतीत सगळ्यात चांगलं जेवण तेच, आणि त्याचे फोटो कोणी टाकत नाही.

बार्शीकर:
+१. आमच्याकडे भोगीचं पण तसंच, पावटा घेवडा ओला हरभरा गाजर वांगं, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. तिळात 100 ग्रॅमला 900 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, दुधात साधारण 120. अर्थात तिळाच्या सालात ऑक्झलेट असतं त्यामुळे सगळं अंगी लागत नाही आणि तीळ कोणी वाटीभर खात पण नाही, तेवढं धरून चाला. पण पूर्वजांनी कॅल्शियम मोजून ठरवलं असं मला नाही वाटत, थंडीत जे शेतात यायचं तेच देवापुढे जायचं.

सातारची_सून:
माजघर, हे पान सासूबाईंना पटेल कारण ते त्यांच्याच माहेरचं आहे 😄 मग वरण-भाजी-कोशिंबीर आधी आणि एक मोदक शेवटी, असं चालेल का?

डबेवाली:
मोदक असेल त्या दिवशी भात कमी वाढा, आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. तुपाची धार मात्र चमच्याने मोजून, त्यांच्या हातात तांब्या देऊ नका.