प्रतिसाद: नुसत्या वेगाने भागत नाही
कॅम्पड्राफ्टमध्ये, म्हणजे घोड्यावरून कळपातलं एक जनावर वेगळं काढून खांबांभोवती हाकत नेण्याच्या ऑस्ट्रेलियन खेळात, 'घोडा पळाऊ हवा, बाकी सगळं आपोआप येतं' असं वरच्या एका प्रतिसादात म्हटलंय, ते निम्मंच पटलं. कॅम्पड्राफ्टच्या १०० गुणांपैकी २६ पर्यंत गुण तर कळपातून एक जनावर वेगळं काढून अडवण्याचेच असतात. खांबांना वळसे घालत फेरी पुरी केल्याचे जेमतेम ४. उरलेले ७० घोड्याच्या कामाचे. वळवताना तो जनावराच्या खांद्याशी भिडला नाही, तर ते सरळ निसटतं.

म्हणून ऑस्ट्रेलियात नवख्या घोड्याला आधी शांत गुरांवर, चालत्या चालीत शिकवतात. जनावर थांबलं की थांबायचं, मागच्या पायांवर भार घेऊन वळायचं. हे अंगवळणी पडेपर्यंत दौड नाही. फक्त तीच ती गुरं रोज वापरू नयेत. ती निर्ढावतात, घोडा समोर आला तरी ढिम्म हलत नाहीत.